अकरा गाण्यांचा ठोका

"परत लावा," ब्रायनी म्हणाली.

"तिसऱ्यांदा ऐकतेयस, पोरी." ऑल्विनने तरीही लावलं.

धप्प.

तिच्या पहिल्या अल्बमची अकराच्या अकरा गाणी या एका आवाजावर उभी होती. ढोलाच्या जागी हाच. सहा वर्षांची असताना तिने खेळण्यातल्या रेकॉर्डरवर एक कॅसेट भरली होती, तिच्या शेवटाला तो होता. कशाचा, ते तिला आठवत नव्हतं. तिने तो कापून घेतला आणि त्यावर गाणी रचली. गोगलगायीचं. कपडे धुण्याच्या दुकानाचं. कवळी पेल्यात ठेवून ती विसरणाऱ्या काकाचं. बावीस वर्षांची वेडगळ पोरगी, असं वर्तमानपत्रांनी कौतुकानं लिहिलं.

चौथं गाणं बापाचं. अल्बमच्या आधी तेवढंच बाहेर आलं होतं आणि रेडिओवर दिवसातून सहा वेळा वाजत होतं. "मांजरसुद्धा जाताना म्याव करतं, बाबा." मुलाखतींत ती हसत हसत सांगायची: मी सहा वर्षांची होते, माणूस मागच्या दारानं सटकला, चकार शब्द न बोलता. आईनंच सांगितलंय.

लोक पोट धरून हसायचे.

ऑल्विन पास्क म्हणजे रेकॉर्ड छापायला जाण्याआधी त्यावर शेवटचा हात फिरवणारा माणूस. लीड्समधल्या एका बंद पडलेल्या चर्चमध्ये त्याची यंत्रं होती. ठोक्यामागे खरखर येतेय म्हणून त्याने मूळ कॅसेट मागवली. आज सकाळी खरखर काढली.

खरखरीखाली माणूस होता.

"सगळी ऐकायचीय? ठोक्याच्या आधीपासून?" ऑल्विनने विचारलं. "नाही ऐकलंस तरी चालेल. पाचला हे कारखान्यात जायचंय, मी नुसता ठोका साफ करून देतो."

"लावा."

चाळिसावा सेकंद. दार करकरतं.

"ब्राय? बाळा, मी निघालोय."

"शूऽऽ! रेकॉर्डिंग चालूय!"

"एकच मिनिट. इकडे ये ना."

"बाबा! तू बोललास! आता परत पहिल्यापासून!"

"बरं, बरं. गप्प बसतो."

पहिल्यापासून. गोगलगाय, चारही कडवी. दोन मिनिटं अकरा सेकंद. कडव्यांच्या मधल्या जागेत कुणीतरी नाक ओढतं.

टाळ्या. एकाच माणसाच्या.

"ब्राय, ऐक—"

"थांब, अजून एक आहे!"

दुसरं गाणं. बाहेर टॅक्सीचा हॉर्न. गाणं. पुन्हा हॉर्न, लांबलचक. गाणं. जिन्यावर पावलं, खाली, खाली

धप्प.

गाणं चालूच.

ऑल्विनने यंत्र थांबवलं. ब्रायनीच्या हातातला चहा कलंडून तिच्या मांडीवर सांडत होता. तिला ते कळत नव्हतं. त्याने कप काढून घेतला.

"आमच्या घराचं पुढचं दार," ती म्हणाली. मग तेच परत म्हणाली. मग फोन काढला. दोनदा नंबर चुकला.

तिची आई लोरेन विदर्नसी गावातल्या शाळेत पोरांना जेवण वाढायची. मागे भांड्यांचा कल्ला होता.

"काय गं? लवकर बोल. दीडशे पोरं कस्टर्डला उभी आहेत."

"बाबा गेला त्या दिवशी. माझ्या खोलीत आला होता?"

भांडी वाजत राहिली.

"आई."

"कोणी सांगितलं तुला?"

"कॅसेटनं. तो दारात उभा होता, आई. मी त्याला गप्प बसवलं. तो बसलासुद्धा! दोन मिनिटं अकरा सेकंद! टाळ्या वाजवल्या त्याने!"

"पॅट, जरा तू वाढ," आई कुणाला तरी म्हणाली. पावलं. कोठीघराचं दार लागलं आणि कल्ला तुटला. "हं. बोल."

"तू म्हणालीस, मागच्या दारानं गेला. चोरासारखा. मी त्यावर गाणं केलं आणि सगळ्यात आधी तुला ऐकवलं. तू हसलीस. टेबलावर ताल धरलास!"

"गाणं चांगलं होतं की."

"खोटं होतं! तो कुठेतरी गाडीत बसून ते ऐकत असेल. अख्खा देश त्याला हसतोय, आणि मी हसवतेय. पाचला छापायला जाईल, मग जन्मभर तेच राहील. का खोटं बोललीस? त्याचा राग होता म्हणून ना?"

"राग होताच. अजून आहे. त्यासाठी नाही बोलले."

"मग?"

ऑल्विन उठून खिडकीकडे गेला आणि पाठ करून उभा राहिला.

"तुला खरंच काही आठवत नाही, ब्राय?"

"नाही."

"शाळेतून आलीस की दप्तर टाकायच्या आधी विचारायचीस. मी शू म्हटलं म्हणून बाबा गेला का? मी रोज नाही म्हणायचे. तू ऐकायची नाहीस. रेकॉर्डर कपाटात टाकलास. गाणं सोड, गुणगुणणंसुद्धा बंद केलंस. शाळेच्या नाटकात नुसते ओठ हलवायचीस, बाईंनी मला बोलावून घेतलं. एक वर्ष, ब्राय. अख्खं एक वर्ष घरात आवाज नाही. मग एक दिवस तू विचारलंस आणि मी भांडी पुसता पुसता म्हटलं, कसला शू, बाळा? स्वप्न पडलं असेल तुला. तो तर मागच्या दारानं गेला, तुझ्या खोलीत आलाच नव्हता."

"आणि मी?"

"बघत राहिलीस माझ्याकडे. मग खेळायला गेलीस," आई म्हणाली. "आणि संध्याकाळी आंघोळीच्या टबात गायलीस."