सुटी अक्षरं

फोनवर माझा लेक रिदा नुसतं "बरा आहे" म्हणतो. मनातलं सगळं पत्रात लिहितो. फ्रान्समधल्या मार्सेलहून त्याचं पत्र ईमेलनं आमच्या गल्लीतल्या मुंजी नावाच्या माणसाच्या छपाईच्या दुकानात येतं आणि मुंजी ते छापून गिऱ्हाइकांसमोर मला वाचून दाखवतो. रिदा तिकडे रडला, की संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळतं.

या वेळी मुंजीनं कपाळाला हात लावला. "हाज्जा, तुझ्या लेकानं कुठल्या फुकटच्या वेबसाइटवर याचं पीडीएफ केलं? आपली अरबी अक्षरं एकमेकांचा हात धरून चालतात. इथं सगळी सुटी पडलीत. कोण वाचणार हे? पुन्हा करून पाठव म्हणावं."

मी कागद हातात घेतला. मशिदीमागच्या प्रौढांच्या वर्गात मी चार महिने जातेय. बाईंनी अजून अक्षरं जोडायला शिकवलेली नाहीत, सुटीच गिरवून घेतात.

उजवीकडून एकेका अक्षरावर बोट ठेवत मी शेवटापर्यंत गेले. मग मी कागदाची घडी केली.

"काय लिहिलंय गं, हाज्जा?" मुंजीनं विचारलं.

"ते आम्हा मायलेकांचं आहे," मी म्हटलं.