खिडकीपाशी सांगते

“दोआर?” सुताराने विचारलं.

“टपाल.” बायको कपड्यांवर इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली.

“तोर?”

“रांग. पुढचं विचारा हो, हे काय बालवाडीतलं!”

सुतार खूश झाला. या देशात तो आधी आला, ती मागून आली. कारखान्यातल्या सोबत्यांशी हुज्जत घालून घालून त्याची हिब्रू पक्की झाली होती. तिचं घोडं मात्र याच दोन शब्दांवर अडलं. पत्ता बदलायला ती एकटीच नगरपालिकेत गेली आणि ‘रांग कुठे संपते’ऐवजी ‘टपाल कुठे संपतं’ असं विचारून बसली. अख्खी रांग हसली. काम तसंच टाकून ती घरी आली आणि उशीत तोंड खुपसून रडली.

दुसऱ्या दिवशी तिने फर्मान काढलं, “रोज मला शिकवायचं. इरिया म्हणजे नगरपालिका, अर्नोना म्हणजे घरपट्टी, सगळं.”

तेव्हापासून जेवणं आटोपली की खेळ रंगायचा. तो कारकून व्हायचा, ती नागरिक. पत्ता तिने केव्हाच बदलून आणला, पण खेळ काही थांबला नाही. अलीकडे तर ती त्यालाच नागरिक करायची आणि स्वतः असा काही रुबाब दाखवायची की हसून हसून त्याची पुरेवाट व्हायची.

“उद्या माझ्याबरोबर नगरपालिकेत यायचं,” इस्त्री बंद करत ती म्हणाली.

“आता आणखी कशाला?”

“यायचं म्हटलं ना. रजा टाका.”

“काम काय आहे ते तरी सांगशील?”

“खिडकीपाशी सांगते.”

सकाळी ती ठेवणीतले कपडे घालून निघाली. वाटभर ओठातल्या ओठात पुटपुटत होती. नगरपालिकेत पोचताच म्हणाली, “तुम्ही रांगेत उभे राहा.” आणि जी गेली ती गेलीच.

रांग पुढे सरकू लागली. सुतार मान उंचावून इकडेतिकडे पाहू लागला. तिचा धीर सुटला की काय? कुठेतरी जिन्यात बसून रडत तर नसेल?

“अहो, पुढे सरका की!” मागच्या बाई खेकसल्या.

रांग सोडून तिला शोधायला जावं म्हणून तो वळला, तेवढ्यात शेजारच्या बंद खिडकीची काच सरकली.

काचेपलीकडे गळ्यात नगरपालिकेचं ओळखपत्र अडकवून त्याची बायको बसली होती.

“शालोम, साहेब,” ती खणखणीत हिब्रूत म्हणाली, “काय काम आहे आपलं?”