अडलेला शब्द

साथीमुळे दीड वर्ष बंद असलेली शाळा उघडली आणि पहिल्याच तासाला विज्ञानाच्या बाईंनी नेमकं तिलाच उभं केलं. "हृदयाला कप्पे किती आणि कोणते, सांग बघू."

वर्ग फोनवर भरायचा तेव्हा बरं होतं. उत्तर टाइप केलं की सुटका. आता तोंड उघडणं आलं. "च… च…" शब्द नेहमीसारखा दारातच अडून बसला. तिने चोरून शेवटच्या बाकाकडे पाहिलं. पाचवीपासून तिची हुबेहूब नक्कल करणारा तो वात्रट तिथेच होता. त्याच्या शेजारी कुणीतरी खुसखुसलं.

"ए, गप रे," वात्रट म्हणाला. "माझा फोन रोज वाक्याच्या मध्येच अडकायचा. मी आ वासून बसलेला दिसायचो, तरी थांबायचात ना सगळे? मग आताही थांबा."

वर्ग थांबला. बाईही खडू हातात धरून थांबल्या.

"च… चार," ती म्हणाली आणि धास्तावून मागे वळली.

"आवाज येतोय गं," तो म्हणाला. "बोल पुढे."