मांजरपुदिन्याची जुडी

बोका उताणा पडला होता. चारी पाय वर, डोळे अर्धे मिटलेले, तोंडात मांजरपुदिन्याची काडी. शेजाऱ्यांचा तो तुटक्या कानाचा पिवळा बोका, लग्नघरी जरा जास्तच झालेल्या पाहुण्यासारखा लोळत होता. आणि त्याच्या पाठीखाली दावलतची रोटी होती. तुकडे तुकडे झालेली.

मोहिरानं हातातली रोट्यांची टोपली खाली ठेवली.

ती खायची रोटी नव्हती. घरातलं माणूस दूरदेशी निघालं की उंबऱ्यात उभं राहून त्यानं रोटीचा एक घास घ्यायचा. उरलेली रोटी भिंतीवर टांगायची. परतून आल्यावर त्यानंच ती संपवायची. तोवर ती पडता कामा नये, तिला कीडमुंगी लागता कामा नये. मोहिराचा नवरा दावलत रशियात इमारतींच्या कामावर गेला, त्याला दुसरं वर्ष लागलं होतं. त्याची आई अंबरबीबी रोज पहाटेची नमाज झाली की त्या रोटीपुढे उभी राही, दातांच्या खुणेला बोट लावी आणि ते बोट डोळ्यांना लावी. मगच चूल पेटे. गेला आठवडाभर दावलतचा फोन नव्हता, आणि बीबीचं ते उभं राहणं दिवसेंदिवस लांबत चाललं होतं.

रोटीशेजारी मांजरपुदिन्याची जुडी टांगलेली असे. बीबीचा त्या पाल्यावर भारी जीव. गाद्यांच्या घड्यांत तोच, म्हणजे पिसवा होत नाहीत. कोंबड्यांच्या खुराड्यात तोच. गव्हाच्या रांजणात तोच. पोट दुखलं, ताप आला, तरी त्याचाच काढा. आणि मुलगा गेल्यापासून झोप येईना, तर रात्री चहाही त्याचाच. शेजारीण म्हणायची, “बीबी, तुमच्या कबरीवर मांजरंच रडायला येणार बघा!” बीबी आपले सोन्याचे दात दाखवून म्हणायची, “येऊ देत की. तू तरी कुठं येणार आहेस?”

सुनेला तिची ताकीद एकच होती. “जुडी नुसती टांगायची हं, पोरी. चोळायची नाही. वास सुटला की मांजरं येतात.”

आणि मोहिरानं आज सकाळी नेमकं तेच केलं होतं. दोरीवरून मुंग्यांची रांग उतरताना दिसली. तिनं परसातला ताजा पाला खुडला, तळहातावर चुरडला आणि दोरीला, भिंतीला, रोटीच्या कडेलासुद्धा फासला. मुंग्या गेल्या. बोका आला.

बीबी खालच्या आळीत एका आजारी म्हातारीला पाला द्यायला गेली होती. तिसऱ्या प्रहरच्या नमाजाला ती घरी येणार. नशीब की आज रोट्या लावायचा दिवस होता. तंदूर तापलेला होता, पहिल्या रोट्या टोपलीत होत्या. मोहिरानं बोक्याला मानगूट धरून अंगणात सोडलं. पायाखाली येऊ नयेत म्हणून तुकडे ओढणीत वेचले. ‘देवा, त्या माउलीचा आधार तुटू देऊ नकोस,’ एवढंच ती पुटपुटत होती. नवी रोटी चावायची, तंदूरच्या तोंडाशी दगडासारखी वाळवायची, वरून राख चोळायची आणि दोरीला अडकवायची. बस्स.

पण चावणं सोपं नव्हतं. लहानपणी गाढवावरून पडून दावलतचा पुढचा एक दात गेला होता. त्या फटीमुळे त्याच्या घासाच्या मधोमध रोटीचा एक खुंट तसाच उभा राहिलेला. बीबीचं बोट रोज त्याच खुंटावर टेकायचं. मोहिराचे दात मात्र अखंड. नमुन्याला तिनं जुना तुकडा समोर ठेवला. त्यावर कलौंजीचे काळे दाणे होते. निघताना दावलतला तिळाची रोटी दिल्याचं तिला आठवत होतं, पण आता तीळ आठवायला उसंत कुणाला! तिनं एक रोटी चावली. खुंट राहिला नाही. दुसरी चावली. खुंट तुटून पडला. तिसरी तोंडात धरली, आणि दारात सावली पडली.

“काय खातेस गं?”

मोहिराला गिळता येईना की थुंकता येईना. बीबीनं रिकामी दोरी पाहिली, ओढणीतले तुकडे पाहिले, अंगणात अजून लोळत असलेला बोका पाहिला.

“आयाजान,” मोहिरा कसाबसा घास गिळून रडू लागली, “मी चोळला पाला. तुम्ही सांगूनही चोळला. आता त्यांचं काही बरंवाईट झालं तर...”

बीबी गुडघ्यांवर हात टेकत खाली बसली. तिनं जुना तुकडा उचलला, डोळ्यांना लावला, खुंटावरून बोट फिरवलं. रोज फिरवी तसंच, सावकाश.

“त्याला राखणारा वर बसलाय,” ती म्हणाली. “पाला चोळणाऱ्या बायकांच्या भरवशावर त्यानं माणसं सोडली असती, तर एव्हाना गाव ओस पडलं असतं.”

तिनं बाहीनं सुनेचं तोंड पुसलं. टोपलीतल्या रोट्या वरखाली करून एक निवडली आणि तिच्या हातात दिली.

“ही घे, तिळाची. कलौंजीची घेऊन मी चुकले. आणि एका घासात नाही जमायचं ते. आधी डावीकडून चावायचं, मग उजवीकडून, मध्ये जरासं राखायचं. गेल्या उन्हाळ्यात तू माहेरी होतीस, तेव्हा मलाही तीन रोट्या लागल्या होत्या.”