दुपारी वळणारा पेव्हर

भर माळावर नव्या रस्त्याचं डांबर अंथरणारा बिनमाणसाचा पेव्हर रोज दुपारी डावीकडे वळायचा. यासीन मेकॅनिकने ट्रॅकच्या पट्ट्याचा ताण तपासला, रोलर फिरवून पाहिले, अडकलेली खडी उकरून काढली. दोष काही सापडेना. विचारावं, तर आसपास चिटपाखरूही नव्हतं.

उजवा पट्टा बघायला त्याने रोज डावीकडे उभी असणारी आपली जीप पलीकडे नेली, तर पेव्हर उजवीकडे वळला आणि थेट जीपपाशी येऊन थांबला.

यासीनने पाना खाली ठेवला. हे यंत्र चालायला शिकलं होतं ते आधी त्यावर बसून ते चालवणाऱ्या दगडूमामाचे हात बघून. मामा गेल्या उन्हाळ्यात वारला. जेवायच्या वेळी तो असाच पेव्हर जीपशी आणायचा आणि वरूनच ओरडायचा, "यासीन, डबा सोड!"

फोनवर साहेब वैतागले होते. "पट्टा ठीक असेल तर यंत्राची सगळी शिकवण पुसून टाक. सरळ चालेल."

"पट्टाच सैल आहे, साहेब," यासीन म्हणाला. "रोज दुपारी येऊन बघावं लागेल."

मग त्याने डबा सोडला, बुक्कीने कांदा फोडला आणि अर्धा पेव्हरच्या पायरीवर ठेवला.