गाळणीत काहीच नव्हतं

सुनेनं नाकाला रुमाल बांधला, रबरी हातमोजे चढवले, जुना टूथब्रश हातात घेतला आणि लढाईला निघाल्यासारखी डिशवॉशरपुढे फरशीवर बसली. दीड वर्षात मशीन आतून एकदाही साफ केलं नव्हतं. व्हिडिओतल्या बाईनं बजावलंच होतं, गाळणी काढाल तेव्हा श्वास रोखून धरा.

“अगं, चाललंय ना नीट? मग कशाला उगाच उघडतेस?” सासूबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

“आई, पाच माणसांचं खरकटं जातं यात रोज. आत काय काय साठलं असेल, देव जाणे.”

तिनं खालचा ट्रे बाहेर ओढला, पाणी उडवणारा पंखा काढला, तळाची गाळणी फिरवून उचलली. श्वास रोखला. जरा वेळानं सोडला. मग रुमालच खाली ओढला.

गाळणीत काहीच नव्हतं. शीत नाही, बी नाही, तेलाचा थेंब नाही. कडेला पाण्याच्या क्षाराची पांढरी रेघ तेवढी. पंख्याची भोकं मोकळी, दाराचं रबर कोरं करकरीत. काल दुकानातून आणलंय म्हटलं तरी कुणी विश्वास ठेवला असता.

सून काही दुधखुळी नव्हती. तिनं मान वळवून पाहिलं. सासूबाईंनी पट्टा बांधलेलं उजवं मनगट हळूच पाठीमागे नेलं.

त्या मनगटासाठीच तर मशीन आणलं होतं. घासणीला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. तरी दुखणं हटेना. दोन डॉक्टर बदलून झाले, तिघांच्याही नावानं बोटं मोडून झाली. आणि रोज जेवणं आटोपली की सासूबाई म्हणायच्या, “तू जा गं, दमली असशील. मशीन मी लावते.”

“आई, तुम्ही भांडी आधी घासता?”

“घासते कुठे? नुसता हात फिरवते.”

“नुसता?”

“जरा पावडर लावून.” सासूबाई ओशाळल्या. “एवढ्या हौसेनं आणलंस तू. खरकटं घालून बिघडलं असतं म्हणजे? तुलाच वाईट वाटलं असतं.”

सुनेला राग आला, रडू आलं आणि हसूही आलं. दीड वर्ष ही बाई मशीनला धुतलेली भांडी धुवायला देत होती! शेवटी हसूच जिंकलं. क्षाराची रेघ ब्रशनं घासून तिनं गाळणी आणि पंखा जागच्या जागी बसवले. मग ओट्यावरचं तळाला लागलेलं दुधाचं पातेलं उचललं.

“अगं अगं, ते तरी मला—”

“हात लावायचा नाही.”

पातेलं तसंच आत पालथं पडलं. सुनेनं बटण दाबलं. दोन तास सासूबाई स्वयंपाकघरातून हलल्या नाहीत. मशीनच्या पोटात गुरगुरलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

दार उघडलं तेव्हा त्यांनी वाफ निवायचीही वाट पाहिली नाही. पातेलं उजेडात धरलं, तळावरून बोट फिरवलं, काठाखालून फिरवलं. कुठे काही राहिलंय का, ते शोधलं. काही राहिलं नव्हतं. त्यांचा चेहरा एवढासा झाला.

“मग आता जेवणं झाल्यावर मी काय करायचं गं?”

सून हसणार होती. पण त्या खरंच विचारत होत्या.

“माझ्याशी बोलायचं,” ती म्हणाली. “लग्नाला सहा वर्षं झाली, आई. मी कधीही बोलायला आले की तुम्ही आपल्या सिंकपाशी. मला तुमच्या तोंडापेक्षा तुमची पाठच जास्त ओळखीची आहे.”

सासूबाईंनी पातेलं फळीवर ठेवलं, हात पुसले आणि खुर्ची ओढून त्या सुनेच्या समोर बसल्या.

“बोल,” म्हणाल्या.