पुसलेला पंख

"बाबा, अजून एकदा लावून बघा ना," लेक म्हणाली.

मिस्त्रींनी पंखांवर वारा सोडून चाचणी घ्यायचा वाऱ्याचा बोगदा नुकताच थांबवला होता. काचेपलीकडे विमानाच्या पंखाचा हातभर लांबीचा नमुना उभा होता. अकरा वर्षांपूर्वी याच नमुन्यावर त्यांनी एका नव्या विमानाची उचल मोजली होती. कागदोपत्री त्याला उचल-गुणांक म्हणत, मिस्त्रींच्या तोंडी तो नुसता 'आकडा'. पंखाचं नाक वर करत जावं तसा आकडा वाढतो, आणि एका कोनाला धाडकन खाली येतो. या पंखाचा तो कोन पंधरा अंश. वैमानिकांच्या पुस्तकातही पंधराच छापला होता.

जावई त्याच जातीच्या विमानाचा वैमानिक. थंडीतल्या एका सकाळी पंखांवर दव गोठलं होतं, मिठाच्या कणांएवढं. त्याने उड्डाण केलं आणि धावपट्टी संपते तिथेच विमान कोसळलं. सहा माणसं गेली, त्यातला एक तो. विमानातल्या यंत्राने कोन नोंदवला होता तेरा. चौकशीवाले म्हणाले, तेराला हा पंख दगा देत नाही. म्हणजे नोंद चुकीची आणि वैमानिकाने नाक नको तेवढं वर ओढलं. मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही. बोलणी खायला त्याची बायको होती.

आज पहिल्या खेपेलाही पंधराच आले. लेकीच्या डोळ्यांना धार लागली. मिस्त्रींनी खिशातलं फडकं काढून तिच्या हातात दिलं.

तिच्याच लहानपणच्या झबल्याचं ते फडकं. प्रत्येक खेपेआधी मिस्त्री त्याने पंख लख्ख पुसायचे. साहेबाने सांगितलं नव्हतं, पण काम म्हणजे काम. "मिस्त्री, पंखाला बोहल्यावर चढवायचंय का?" अशी सगळे थट्टा करत. जावई तर पोट धरून हसायचा. "बाबा, आमच्या पंखांचे एवढे लाड कोण करतं हो?"

दुसऱ्या खेपेआधी त्यांचा हात सवयीने खिशात गेला. बोगदा बरेच दिवस बंद होता. पहिल्या खेपेत गंजाची भुकटी उडून पंखाच्या पुढच्या कडेला चिकटली होती. फडकं मात्र लेकीच्या डोळ्यांना होतं. ते परत मागायचं त्यांच्या जिवावर आलं. एकदा नाही पुसला तर काय आभाळ कोसळणार आहे?

बोगद्याचा पंखा घुमू लागला. दहा. अकरा. बारा. आकडा वाढत होता, पण रडतखडत. तेराला तो धाडकन खाली आला.

मिस्त्रींनी बोगदा थांबवला. आत जाऊन पंखाच्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला खरखर लागली, मिठाच्या कणांएवढी.

"तेरा!" लेक मागे येऊन उभी राहिली होती. "म्हणजे नोंद खरी होती. त्यांनी जास्त ओढलं नव्हतं ना, बाबा?"

"नाही, पोरी. तो पुस्तकात लिहिलं होतं तसंच चालला."

किती महिन्यांनी ती हसली. मग तिचं हसू थांबलं. "मग पुस्तकात चुकीचं कुणी लिहिलं?"

मिस्त्रींना उत्तर माहीत होतं. पुस्तकातला पंधरा त्यांनीच लख्ख पुसलेल्या पंखाचा होता. त्यांचे डोळे भरून वाहू लागले.

लेकीने हातातलं फडकं त्यांच्यापुढे धरलं.

"घ्या, पुसा," ती म्हणाली.